घरपट्टीची पावती आणि गावकुसाची भिंत



गावाकडून फोन आला की तिसरा-चौथा प्रश्न ठरलेला असतो. "मग, अमेरिकेत घर घेतलं का?" चळवळीतले तरुण मित्रही विचारतात, पण त्यांचा प्रश्न जरा वेगळा असतो. "तिकडे जगणं खरंच परवडतं का? की नुसता डॉलरचा आकडा मोठा दिसतो?" गेली दोन वर्षे आम्ही दोघे नवरा-बायको रात्री जेवण झाल्यावर वही घेऊन याच प्रश्नाचा हिशेब मांडत आहोत. हिशेब पैशांचा म्हणून सुरू झाला. पण आकडे मांडता मांडता आम्ही गावकुसापाशी येऊन पोहोचलो. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही न्यू जर्सी राज्यातल्या मिडलसेक्स काउंटीत भाड्याने राहतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा, पण आकाराने तालुक्याएवढा. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८ लाख ६३ हजार होती. एडिसन आणि वूडब्रिज या टाउनशिपमधून जाणाऱ्या ओक ट्री रोडवर भारतीय दुकानांची रांगच रांग आहे. २०१० मध्येच एडिसनमध्ये दर शंभरांत २८ माणसे भारतीय होती. न्यूयॉर्कला जाणारी रेल्वे आहे, न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठ आहे, सार्वजनिक ग्रंथालये आहेत, बागा आहेत. सरकारी शाळेत लेकराला फी न भरता शिकता येते. राहण्यासारखे ठिकाण कोणते असे विचारले तर आम्ही याच काउंटीचे नाव घेऊ. यात खोटे काही नाही.

आता परवडण्याचे बघू. उदाहरणादाखल सहा लाख डॉलरचे साधे घर धरा. वीस टक्के डाउन पेमेंट म्हणजे १ लाख २० हजार रोख. उरलेल्या ४ लाख ८० हजारांवर साडेसहा टक्के व्याजाने तीस वर्षांचे कर्ज घेतले तर महिन्याचा हप्ता तीन हजारांच्या थोडा वर जातो. त्यावर घरपट्टी. न्यू जर्सीची घरपट्टी अख्ख्या अमेरिकेत सर्वांत जड म्हणून प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये राज्याची सरासरी वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेली. आमच्या घराला १२ हजार धरली तर महिन्याचे आणखी एक हजार. विमा वेगळा. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या वर. आज आम्ही २,४०० भाडे भरतो. दहा वर्षांत डाउन पेमेंटएवढीच रक्कम नुसत्या घरपट्टीत जाणार. कर्ज फिटले तरी घरपट्टी सुटत नाही. थकली तर नगरपालिका त्या थकबाकीचा हक्क लिलावात विकते आणि शेवटी घरही जाऊ शकते.

मग माणसे इतकी घरपट्टी का भरतात? पावती वाचली की उत्तर मिळते. तिच्यातला निम्म्याहून अधिक पैसा शाळेला जातो. काउंटीचा आणि नगरपालिकेचा वाटा उरलेल्यातून. म्हणजे जिथे घरे महाग, तिथे शाळेला पैसा जास्त. शाळा चांगली, म्हणून त्या गावात घर घ्यायला झुंबड. झुंबड, म्हणून घरे आणखी महाग. हे चक्र एकदा फिरू लागले की ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या मुलाला चांगली शाळा आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या मुलाला उरलेली. शाळेच्या दारावर कोणी जात विचारत नाही, हे खरे. दार गावाच्या वेशीवरच बंद केले तर शाळेच्या दारावर विचारायची गरज कुठे उरते?

वेशीवरचे हे दार म्हणजे झोनिंग. कोणत्या जमिनीवर काय बांधायचे हे इथे नगरपालिका ठरवते. इथे फक्त एका कुटुंबाचे स्वतंत्र घर, प्लॉट किमान इतका मोठा, चाळवजा अपार्टमेंटला मनाई. कायद्यात कुठेही "गरिबांना बंदी" किंवा "काळ्यांना बंदी" असे लिहिलेले नसते. पण एक एकराच्या प्लॉटवरचेच घर बांधायचे म्हटले की बंदी आपोआप होते. मनूला श्लोक लिहावे लागले. इथे प्लॉटचे क्षेत्रफळ लिहिले की काम भागते.

याविरुद्ध इथला कष्टकरी माणूस लढला आहे आणि तो इतिहास आपल्या तरुणांनी वाचला पाहिजे. न्यू जर्सीच्याच माउंट लॉरेल गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी १९७० च्या सुमारास परवडणारी छोटी घरे बांधायची परवानगी मागितली. परवडत नसेल तर गाव सोडा, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मेयरकडून मिळाले. एथेल लॉरेन्स नावाची बाई आणि तिचे सोबती कोर्टात गेले. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की गरिबांना बाहेर ठेवण्यासाठी झोनिंग वापरता येणार नाही आणि प्रत्येक विकसनशील नगरपालिकेला परवडणाऱ्या घरांचा आपला न्याय्य वाटा उचलावाच लागेल. नगरपालिकांनी दाद दिली नाही, म्हणून १९८३ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी कडक निकाल दिला.

आणि आमची मिडलसेक्स काउंटी? न्यू ब्रन्सविकच्या अर्बन लीगने १९७४ मध्ये या काउंटीतल्या पंचवीसपैकी तेवीस नगरपालिकांवर याच कारणासाठी दावा लावला होता. पंचवीसपैकी तेवीस! ज्या हिरवळीला आम्ही "राहण्यासारखी" म्हणत होतो, तिच्या नकाशावर हा दावा कोरलेला आहे.

इथे आम्हाला बाबासाहेबांची आठवण येते, आणि ती नुसती भावनेपोटी नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी ग्रामस्वराज्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते. खेडे म्हणजे संकुचितपणा आणि जातीयता, त्याला राज्यघटनेचा पाया करायचे नाही, व्यक्ती हाच पाया, ही त्यांची भूमिका. न्यू जर्सीत आज ५६४ नगरपालिका आहेत. प्रत्येकीचे झोनिंग वेगळे, बहुतेकींच्या शाळाही वेगळ्या. "आमच्या गावाचा कारभार आम्हीच बघणार" याला इथे होम रूल म्हणतात आणि त्याचा मोठा अभिमान बाळगतात. आम्ही तो ऐकतो तेव्हा आम्हाला बाबासाहेबांचे भाषण आठवते. स्थानिक बहुमताच्या हातात वेशीची किल्ली दिली तर बाहेरच्याला आत कोण घेईल? माउंट लॉरेलमध्येही न्याय गावाने दिला नाही. तो गावाच्या वर असलेल्या राज्यघटनेने दिला.

कराबद्दलही तसेच. कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू होते प्राध्यापक सेलिग्मन. ते करशास्त्राचे मोठे विद्वान आणि अमेरिकेतल्या त्या काळच्या मालमत्ता कराचे कठोर टीकाकार. बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंधाला, जो १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांचीच प्रस्तावना आहे. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. प्राप्तिकर मिळकत असेल तरच लागतो, मग दोन एकरवाल्या शेतकऱ्याला पीक बुडाले तरी सारा का? प्रश्न साधा आहे. कर ऐपतीवर घ्यायचा की नुसत्या जमिनीवर? पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला त्यांच्या चाळीस वर्षांच्या घराची घरपट्टी पेलत नाही म्हणून ते घर विकतात, तेव्हा इथेही हाच प्रश्न उभा असतो. म्हणून "घरपट्टी जास्त आहे" ही तक्रार आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण उपाय शेजारच्या गरिबाला बाहेर ठेवणे हा नाही. शाळेचा भार गावाच्या घरपट्टीवरून काढून राज्याच्या प्राप्तिकरावर टाकणे, हा उपाय आहे. न्यू जर्सीत १९७६ मध्ये प्राप्तिकर आला तोही शाळांच्या पैशांवरून कोर्टाने दिलेल्या निकालामुळेच. पुढे अॅबट खटल्यात गरीब शहरांच्या शाळांना श्रीमंत गावांच्या बरोबरीने पैसा देण्याचा आदेश झाला. आमच्या काउंटीतली न्यू ब्रन्सविक आणि पर्थ अम्बॉय ही दोन शहरे त्या यादीत आहेत. तिथे तीन-चार वर्षांच्या मुलांना पूर्ण दिवसाची बालवाडी मोफत मिळते. झगडल्याशिवाय यातले काहीच मिळालेले नाही.

आता आपल्या माणसांकडे वळू. हे लिहिताना हात जड होतो. आमच्या टाउनशिपमध्ये परवडणाऱ्या घरांचा एक प्रकल्प येणार अशी बातमी आली आणि भारतीय शेजाऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप पेटला. "शाळेचे रेटिंग पडेल." "घराची किंमत उतरेल." "तसले लोक येतील." तसले म्हणजे कसले, हे कोणी लिहिले नाही. आम्हाला लिहायची गरजही वाटली नाही. हा शब्द आम्ही पुण्यात खोली शोधताना ऐकला आहे. आडनाव सांगितल्यावर "खोली कालच गेली हो" हे वाक्य आम्ही ऐकले आहे. इथे घर भाड्याने बघताना एका भारतीय घरमालकाने पगाराआधी आडनाव विचारले, मग गाव, मग "नॉनव्हेज खाता का?" सात समुद्र ओलांडले तरी प्रश्नांचा क्रम बदलला नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एडिसनमध्ये भारतीय स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत बुलडोझर फिरवला गेला. नंतर आयोजकांना माफी मागावी लागली. पण दुसऱ्याचे घर पाडणारे यंत्र ज्यांना मिरवावेसे वाटले, ते स्वतःच्या घराच्या किमतीबद्दल किती हळवे असतात, हे आम्ही ग्रुपवर रोज वाचतो.

ग्रुपवर एक वाक्य वारंवार येते. "भाडेकरू घरपट्टी भरत नाहीत, फुकट शाळा वापरतात." हे धादांत खोटे आहे. घरमालक घरपट्टी भाड्यातूनच वसूल करतो. न्यू जर्सीचा प्राप्तिकर कायदाही भाड्याचा १८ टक्के भाग घरपट्टी म्हणून धरतो. आमच्या २,४०० मधले ४३२ डॉलर दर महिन्याला घरपट्टीचेच. आणि सवलत देताना काय होते? राज्याच्या योजनेत वर्षाला दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरमालकाला १,५०० डॉलर, तेवढ्याच उत्पन्नाच्या भाडेकरूला ४५०. फुकटा कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

राहिला किमती पडण्याचा मुद्दा. माउंट लॉरेलमध्ये एथेल लॉरेन्सच्या नावाने परवडणाऱ्या घरांची वसाहत अखेर उभी राहिली, ती तिच्या मृत्यूनंतर. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास करून २०१३ मध्ये पुस्तक लिहिले. आजूबाजूच्या घरांच्या किमती, गुन्हे, कर, कशावरही वाईट परिणाम आढळला नाही. तिथे राहायला आलेल्या कुटुंबांची स्थिती मात्र सुधारली.

तरीही एक प्रश्न आम्ही स्वतःला टाळू दिला नाही. आम्हालाही लेकीसाठी चांगली शाळाच हवी आहे ना? हवी आहे. शिक्षणासाठी आमच्या आईबापाने पोटाला चिमटा घेतला. चांगल्या वस्तीत राहण्याचा हक्क आम्ही कोणाकडून भीक म्हणून घेत नाही. १९१७ मध्ये कोलंबियाहून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी खाणावळीतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. डोक्यावर छप्पर मिळेना म्हणून त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्या लेकरांनी जगात कुठेही चांगले घर घ्यावे. पण घर आत गेल्यावर मागून कडी लावायची नाही, एवढी अट आहे.

म्हणून आम्ही काय ठरवले? आधी प्लॅनिंग बोर्डाच्या बैठकीला गेलो. प्रत्येकाला तीन मिनिटे होती. प्रकल्पाच्या बाजूने बोलणारे त्या दिवशी थोडेच होते. आम्ही बोललो, आवाज कापत होता. बाहेर आल्यावर दोन ओळखीच्यांनी तोंड फिरवले. एका निवृत्त बसचालक बाईने हात हातात घेतला. आता आम्ही जिथे परवडणारी घरे झाली आहेत आणि होत आहेत, अशा गावात छोटे घर शोधत आहोत. तिथल्या शाळेचे रेटिंग दहापैकी सहा आहे, नऊ नाही. धाकधूक आहे, ती लपवत नाही. लेकीचा अभ्यास आम्ही घरी घेऊ, आणि सहाचे आठ व्हावेत म्हणून शाळेच्या बैठकांना जाऊ.

परदेशी येणाऱ्या तरुण मित्रांनो, घर बघताना पगार, हप्ता आणि घरपट्टी जरूर मांडा. पण वहीत आणखी तीन ओळी लिहा. या गावात भाड्याने कोण राहू शकते? इथल्या शाळेत सफाई कामगाराची मुलगी येते का? इथल्या बैठकीत तिच्या बाजूने कोण बोलते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "कोणीच नाही" असेल, तर तिथे तुम्ही बोला.

जयभीम!