हिंवाळ्याची बेगमी

बेगमी हा शब्द आपण बहुधा पावसाळ्याला लावतों. छप्पर शाकारणें, सरपण भरणें, पापड-लोणच्यांची तरतूद, ही सारी धांवपळ मृगाच्या आधींची. हिंवाळा मात्र तयारीवांचून येणारा पाहुणा समजला जातो. पेटींतून स्वेटर काढला कीं झालें, अशी पुण्या-मुंबईच्या माणसाची समजूत असते, आणि त्याच्यापुरती ती खरीही आहे. पण ज्यानें भंडारा जिल्ह्यांतील एखाद्या गांवीं पौष महिना काढला आहे तो असें म्हणणार नाहीं. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरास पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. नागपूर तरी शहर. दगड-सिमेंटाची आणि दाटीवाटीची कांहीं ऊब त्याला असते. तळ्यांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या मधोमध वसलेल्या सानगडीस पहांटे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

सानगडी हें साकोली तालुक्यांतलें जुनें गांव. टेकडीवर किल्ल्याचे अवशेष. भोंवतालच्या मुलखांत कोहळी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलीं तळीं. आमचें वडिलोपार्जित घर तेथें असल्यामुळें दिवाळीच्या सुट्टींत मी दरवर्षीं जातों. निमित्त मंडईचें नि नाटकाचें. खरें काम घराचें.

हीं घरें मुळांत उन्हाळ्यासाठीं बांधलेलीं. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि भिंतीचा माथा व छप्पर यांच्यामध्यें हवेला खेळावयास सोडलेली फट. मे महिन्यांत जी फट जीव वांचवते तीच डिसेंबरांत वैरीण होते. त्यांत वानरांची कृपा असतेच; त्यांच्या एका उडीसरशीं चार-दोन कवेलू तरी फुटायचे. तेव्हां कार्तिकांतलें पहिलें काम छपराच्या डागडुजीचें. दुसरें भिंतींचें. पावसाच्या झोडीनें त्यांचे पोपडे निघालेले असतात; तेथें माती, शेण आणि धानाचा कोंडा कालवून लिंपण करावयाचें, आणि तें वाळलें कीं वरून छुईचा हात फिरवावयाचा. छुई म्हणजे त्या बाजूची पांढरी माती. परक्याला ती शोभेची वाटते. पण भिंतींतल्या बारीक चिरा तिनें बुजतात आणि रात्रीचा वारा बाहेर राहतो. हें सगळें काम बायका करतात. घर बांधल्याचें श्रेय पुरुषाच्या नांवावर आणि तें दरवर्षीं पुन्हा उभें करण्याचें काम बाईच्या हातावर, ही वाटणी मला कधींच न्याय्य वाटली नाहीं.

मग ओसरीच्या उत्तर अंगाला बुरडाकडचे तट्टे लागतात, आणि तोंवर मळणी होऊन धान घरीं येतें. कणग्या भरून थंड भिंतीला लागून बसतात. माळ्यावर तणस चढतें. आमच्या लहानपणीं हें आम्हांला नुसतें सांठवणें वाटे. आतां ध्यानीं येतें कीं, धान्य आणि तणस यांच्या पोटांत अडकून राहिलेली हवा म्हणजे घराची गोधडीच. थंडी ऐन भरांत येते त्याच वेळीं शेत ही गोधडी घरांत आणून टाकतें. अंथरुणाखालींही तणसच, वर सुती पटकूर घातलें कीं कापसाच्या गादीची आठवण होत नाहीं.

आमच्या वाड्याच्या मागच्या अंगाला चुलतभावानें सिमेंटाच्या दोन खोल्या काढल्या आहेत. त्याला मी नांवें ठेवीत नाहीं. दरवर्षीं माती कालवणाऱ्या बायका आतां घरांत राहिल्या नाहींत, आणि ज्यांनीं ती कधीं कालवली नाहीं त्यांनीं मातीच्या घराचे गोडवे गाऊं नयेत. पण स्लॅबचा स्वभाव वेगळा. निरभ्र रात्रीं तो आपली सारी उष्णता आकाशाला देऊन टाकतो. मध्यें ना माळा, ना तणस. पहांटेस खोली विहिरीसारखी गार होते.

यंदा जुन्या घराची मागची भिंत पावसांत खचली, म्हणून ऐंशी उलटलेल्या आत्याची झोपण्याची सोय या खोलींत करावी लागली. तिची एकच अट होती: शेगडी रात्रभर उशाशीं हवी. जुन्या घरांत ती अशीच निजत आली होती, आणि तेथें भय नव्हतें, कारण ती वैरीण फट वर जागी असे. नव्या खोलीचीं लोखंडी दारें-खिडक्या मात्र घट्ट मिटतात. अशा बंद जागेंत कोळशाच्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायु निघतो. त्याला ना वास ना रंग. झोपलेलें माणूस झोपेंतच जातें. आमच्या बाजूच्या वर्तमानपत्रांत थंडींत अशा बातम्या येतात. वर्गांत इंग्रजी कविता शिकवितांना मी मुलांना सांगत असतों कीं, कवि शेगडीचा उजेड वर्णितो आणि धुराडें गृहीत धरतो. तें तुम्ही गृहीत धरूं नका.

आत्याला हें समजावून देणें सोपें नव्हतें. ‘धूर तर नाहीं ना होत, मग कायचं भेव?’ हा तिचा प्रश्न, आणि तो चुकीचा म्हणतां येत नाहीं. आयुष्यभर तिनें धोका धुरावरूनच ओळखला. मी व्याख्यान थांबविलें आणि तिला जुन्या घरांत नेऊन छपराखालची फट दाखविली. ती बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे ह्या खोलीले नाकच नाहीं बापू.’

तडजोड ठरली ती अशी. शेगडी संध्याकाळीं ओसरींत, निजतेवेळीं अंगणांत. चुलींत तापवलेल्या दोन विटा फडक्यांत गुंडाळून पायथ्याशीं. खिडकीचें वरचें तावदान सुतळीनें चार बोटें उघडें बांधलेलें. आणि फरशीवर वीतभर तणस. या शेवटच्या कलमाला वहिनींचा विरोध होता, कारण फरशी नवी आहे. काल त्यांचा फोन आला. तणस साऱ्या घरभर होतें म्हणाल्या, आणि आत्या तें रोज सकाळीं स्वतः झाडून काढतात, कोणाला हात लावूं देत नाहींत.