मोडेम आणि झाकली मूठ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला ‘शाळेतील संगणक शिक्षणाची सुरुवात’ या विषयावर लिहिण्यास सांगितले. पहिला संगणक कोणत्या वर्षी आला, कोणाच्या देणगीतून आला, उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, हा तपशील संस्थेच्या वार्षिक अहवालांत आहेच. तो पुन्हा उतरवून काढण्याचे प्रयोजन नाही. अहवालात जिची नोंद झाली नाही अशा एका लहान वस्तूविषयी मी लिहिणार आहे. ती वस्तू म्हणजे एका लॅपटॉपमधील मोडेम. २००६ साली तो चालू करण्यासाठी आपल्या शाळेचे जवळजवळ पाच महिने गेले. आज हातातल्या मोबाइलवर जग पाहणाऱ्या मुलांना हा खटाटोप हास्यास्पद वाटेल. पण त्या पाच महिन्यांत आम्ही जे शिकलो, ते मला पुढच्या अनेक वर्षांच्या अध्यापनाला पुरले.

त्या वर्षी जूनमध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या काही माजी विद्यार्थ्यांनी वापरलेला पण सुस्थितीतील एक लॅपटॉप शाळेला भेट दिला. मराठवाड्यात तेव्हा भारनियमनाचा कहर होता. दिवसाचे कित्येक तास वीज नसे आणि कार्यालयातील टेबलावरचा संगणक बहुतेक वेळ झाकूनच ठेवलेला असे. त्यामुळे बॅटरीवर चालणाऱ्या या यंत्राचे अप्रूप मोठे होते. मात्र देताना त्यातील सर्व मजकूर पुसलेला होता, विंडोज नव्हते. नांदेडच्या एका दुकानदाराने शंभर रुपयांत ते ‘टाकून देतो’ म्हणून सांगितले. त्या काळी सर्रास असेच चालत असे. मूळ परवान्याची किंमत आपल्या संस्थेच्या आवाक्याबाहेरची होती, आणि शंभर रुपये कोणालाही जड नव्हते.

हा विषय शिक्षकांच्या बैठकीत निघाला, तेव्हा विहारात वर्षावासासाठी आलेले भन्तेजी तेथे होते. ते शांतपणे म्हणाले, “सर, जे दिलेले नाही ते घेणार नाही, हे दुसरे शील आपण रोज सकाळी मुलांकडून म्हणवून घेतो. मग ही प्रत आपल्याला कोणी दिली?” या प्रश्नावर बैठकीत कोणाकडेच उत्तर नव्हते. चोरीची प्रत न वापरण्याचा निर्णय झाला, आणि अशा रीतीने शीलाच्या वाटेने लिनक्स आपल्या शाळेत आले.

लिनक्सची हकिगत इतिहासाच्या शिक्षकाला आवडावी अशी आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एका संगणक प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो जगासमोर खुला ठेवला. ज्याला हवा त्याने घ्यावा, वाचावा, सुधारावा. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला होता. या दोन्ही प्रवाहांच्या संगमातून जी प्रणाली घडली तिची ‘उबुंटू’ नावाची आवृत्ती त्या काळी मागणी नोंदवल्यास टपालाने, टपालखर्चही न घेता, घरपोच मिळत असे. आपल्या शाळेलाही परदेशातून तो लिफाफा आला. ही प्रत दिलेली होती. भन्तेजींच्या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर होते.

लॅपटॉप सुरू झाला, पडदा उजळला, मुलांनी चित्रे काढली. अडले ते इंटरनेटपाशी. कार्यालयात दूरध्वनीची एक तार होती आणि लॅपटॉपच्या कडेला ती जोडण्याची खाचही होती. पण यंत्राला त्या खाचेमागे काही आहे याचा पत्ताच नव्हता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दूरध्वनीची तांब्याची तार माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी टाकलेली. संगणकाचे शून्य आणि एक तिच्यातून पाठवायचे तर त्यांचे ध्वनीत रूपांतर करावे लागते, आणि पलीकडून आलेल्या ध्वनीचे पुन्हा शून्य-एक करावे लागतात. हे दुभाष्याचे काम म्हणजे मोडेम. जुन्या मोडेममध्ये या कामासाठी स्वतंत्र बुद्धी, म्हणजे स्वतंत्र प्रक्रियक असे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात किंमत कमी करण्यासाठी उत्पादकांनी तो काढून टाकला आणि ते सारे काम संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर सोपवले. मोडेम म्हणून उरली ती तार जोडण्यापुरती सामग्री; दुभाष्याची विद्या एका सॉफ्टवेअरमध्ये गेली. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. हे ड्रायव्हर बहुधा विंडोजपुरतेच लिहिले जात, म्हणून अशा मोडेमला ‘विनमोडेम’ असे नाव पडले. मुलांना मी सांगे, “एस.टी. उभी आहे, डिझेल भरलेले आहे, प्रवासी बसलेले आहेत. पण ड्रायव्हर एकाच आगाराचा हुकूम मानतो.”

इतिहासाच्या अभ्यासकाला नोंदी ठेवण्याची सवय असते. मी एक दोनशे पानी वही घातली. तारीख, केलेली कृती, पडद्यावर उमटलेला संदेश, त्यावरून काढलेला निष्कर्ष, असे चार रकाने पाडले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम केला. पहिल्या नोंदीत मोडेमची चिप कोणती याचा शोध आहे. आपली चिप ‘स्मार्ट लिंक’च्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या जातीची निघाली, आणि तिच्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर उपलब्ध आहे हेही कळले. पण तो होता इंटरनेटवर! इंटरनेट चालू करण्याचे साधन इंटरनेटवरून आणायचे, म्हणजे विहिरीत उतरायचा दोर विहिरीच्या तळाशी.

येथे आपला एक माजी विद्यार्थी धावून आला. तो नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होता. त्याने तेथील संगणकावरून ड्रायव्हर उतरवून सीडीवर घेतला आणि लोहामार्गे एस.टी.ने शाळेत आणला. पहिल्या खेपेला ड्रायव्हर आमच्या यंत्रावर कंपाइल होईना. त्यासाठी लागणाऱ्या गाभ्याच्या फायली सीडीवर नव्हत्या. दुसऱ्या खेपेला फायली आल्या, पण त्या गाभ्याच्या वेगळ्या आवृत्तीच्या निघाल्या. तिसऱ्या खेपेला क्रमांक जुळले. वहीत या तीन खेपांची सात पाने आहेत. त्या मुलाने एस.टी.च्या तिकिटाचे पैसे कधी घेतले नाहीत.

त्या सात पानांपैकी एक नोंद माझ्या मनात घर करून राहिली. या ड्रायव्हरचे दोन भाग होते. एक भाग उघडा होता. कोणीही वाचावा, आपल्या यंत्राप्रमाणे बदलावा. दुसरा भाग, ध्वनीचे शून्य-एक करण्याची मुख्य विद्या जिच्यात होती तो, आधीच कंपाइल केलेला बंद गोळा होता. त्याच्या आत काय आहे हे कंपनीबाहेरच्या कोणालाही वाचता येत नव्हते. स्टॉलमन यांच्या चळवळीच्या मुळाशीही असाच अनुभव होता. त्यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या एका नव्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यांना दुरुस्त करायचा होता. परंतु तो ज्याच्यापाशी होता त्या संशोधकाने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून देण्यास नकार दिला.

मराठीत आपण ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतो आणि ती म्हण शहाणपणाची समजतो. भगवान बुद्धांचा विचार याच्या नेमका उलट आहे. महापरिनिब्बान सुत्तात आपल्या अखेरच्या काळात ते आनंदाला सांगतात की तथागताने धम्म शिकवताना आतले-बाहेरचे असा भेद केला नाही, आणि काही राखून ठेवणारी आचार्याची मूठ त्याच्यापाशी नाही. पालीत तिला ‘आचरियमुट्ठि’ असा शब्द आहे. शिष्याला बरेच शिकवायचे, पण शेवटची गुरुकिल्ली मुठीत ठेवायची, ही या देशातील जुनी रीत. त्या मुठीच्या बाहेर शतकानुशतके कोण उभे होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगायला नको. त्या दिवशी मी दहावीच्या वर्गात फळ्यावर ‘आचरियमुट्ठि’ हा शब्द लिहिला आणि शेजारी ड्रायव्हरच्या दोन भागांची आकृती काढली. संगणकाचा धडा आणि धम्माचा धडा त्या तासाला वेगळे राहिले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत लातूरच्या तंत्रनिकेतनात शिकणारी आपली एक माजी विद्यार्थिनी शाळेत आली. तोपर्यंत ड्रायव्हर बसला होता, यंत्राला मोडेम दिसू लागला होता, पण नंबर फिरवायला सांगितले की पडद्यावर एकच संदेश येई : ‘नो डायलटोन’. मी रिसीव्हर उचलून तिच्या कानाला लावला. डायलटोन खणखणीत ऐकू येत होता. तिने वही पहिल्या पानापासून वाचली आणि विचारले, “सर, याला कोणत्या देशाचा टोन ऐकायची सवय आहे?”

प्रश्न अचूक होता. डायलटोनची घडण देशोदेशी वेगळी असते. आमच्या ड्रायव्हरचा कान दुसऱ्याच देशाच्या टोनला लावलेला होता; त्यामुळे तारेवर आवाज असूनही तो ‘आवाज नाही’ असा निर्वाळा देत होता. तिने देशाच्या जागी भारत लिहिले, आणि टोनची वाट न पाहता नंबर फिरवण्याची ‘एक्स ३’ ही आज्ञा जोडली. दोन मिनिटांत लॅपटॉपमधून तो ओळखीचा कर्कश किलबिलाट उमटला आणि पडद्यावर ‘कनेक्ट’ हा शब्द आला. वहीत त्या दिवशीच्या निष्कर्षाच्या रकान्यात तिच्याच हस्ताक्षरात लिहिले आहे : “आवाज होता. कान चुकीचा होता.”

हे वाक्य पुढच्या काही दिवसांत आम्हाला फार वेगळ्या अर्थाने आठवले. २००६ हे धम्मदीक्षेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. २ ऑक्टोबरच्या विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर जनसागर लोटला होता. त्याच्या अवघे तीन दिवस आधी, २९ सप्टेंबरला, त्याच विदर्भात भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली होती. आई, दोन मुलगे आणि शिकणारी मुलगी. इतक्या भीषण घटनेला मोठ्या वर्तमानपत्रांत तिच्या गांभीर्याइतकी जागा मिळायला कित्येक आठवडे लागले. आमच्या शाळेत तोवर फक्त कुजबुज पोचली होती. सत्यशोधनासाठी गेलेल्या कार्यकर्त्यांनी लिहिलेला वृत्तांत आम्हाला नोव्हेंबरात याच मोडेमवरून, एका परिचिताच्या ई-मेलने मिळाला. सेकंदाला जेमतेम चार किलोबाइट या गतीने तो उतरत होता. मधेच एकदा तार तुटली, पुन्हा जोडली. सहा शिक्षक लॅपटॉपभोवती उभे होते आणि कोणीही बोलत नव्हते. तारेवर आवाज असूनही ‘नो डायलटोन’ म्हणणारी यंत्रणा केवळ लॅपटॉपमध्येच असते असे नाही, हे तेव्हा कोणी कोणाला समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. पुढे ‘बहिष्कृत भारत’ निघाले, स्वतःचा छापखानाही उभा राहिला. दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या मर्जीने आपला आवाज पोचत नाही, हा त्यांच्या पत्रकारितेचा अनुभव होता. यंत्र विकत घेता येते. परंतु ते कसे चालते हे आपल्या माणसांना कळल्याशिवाय ते आपले होत नाही. म्हणूनच त्या वर्षी आम्ही एक ठराव केला. त्या वहीच्या छायाप्रती काढायच्या आणि जो मागेल त्याला द्यायच्या. नांदेडच्या मुलाने एक प्रत आपल्या वसतिगृहात नेली, लातूरच्या मुलीने दुसरी. पुढे ओळखीच्या दोन-तीन शाळांतूनही मागणी आली. शाळेत नियम झाला की ज्याला जे येते त्याने ते आणखी दोघांना शिकवल्याखेरीज त्याचे शिक्षण पूर्ण झाले असे मानायचे नाही. शाळेच्या संगणक खोलीत तो नियम आजही पाळला जातो.

तो लॅपटॉप आता कपाटात आहे. डायल-अपचा काळ संपला, तारेची जागा मोबाइलच्या लहरींनी घेतली. पण ड्रायव्हरच्या त्या दोन भागांचे पुढे काय झाले हे सांगण्यासारखे आहे. उघडा भाग पुढेही बरीच वर्षे अनेकांनी नव्या गाभ्यांसाठी दुरुस्त केला. बंद गोळा मात्र ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांसाठी घडवलेला होता. कंपनीने लक्ष काढून घेतल्यावर त्याला नव्या काळाप्रमाणे घडवू शकेल असा कोणीच उरला नाही, कारण तो कोणी वाचलेलाच नव्हता. सव्वा लाखाची मूठ होती; ती उघडायची राहून गेली आणि आतली विद्या आतच वाळली.

आपले कितीतरी माजी विद्यार्थी आज पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे याच क्षेत्रात मानाने काम करीत आहेत. शाळेला ते उदारपणे देणग्या देतात, वस्तू पाठवतात. त्याबद्दल संस्था त्यांची ऋणी आहे. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की वर्षातून चार दिवस त्यांनी स्वतः यावे, मुलांमध्ये बसावे, आणि वस्तू कशी चालते हे ती उघडून दाखवावे. मुले प्रश्न विचारतील. ‘याला कोणत्या देशाचा टोन ऐकायची सवय आहे?’ असा प्रश्न विचारणारी मुलगी आजही एखाद्या बाकावर बसलेली असेल. तिच्यासाठी आपल्या मुठीत काही राखून ठेवू नका.

जय भीम. नमो बुद्धाय.