अंत्ययात्रेचीं घराणीं : तेर ते कसबे तडवळें

तेरणा नदीच्या कांठीं वसलेलें तेर हें धाराशिव जिल्ह्यांतील जुनें गांव. प्राचीन काळीं ‘तगर’ या नांवानें तें परदेशच्या व्यापाऱ्यांसहि ठाऊक होतें. येथें संत गोरोबाकाका कुंभार यांची समाधि आहे. तिचें दर्शन घेऊन बाहेर पडतांना एका साध्या वस्तूची आठवण होते, ती मडक्याची. अंत्ययात्रेपुढें मुलगा विस्तवाचें मडकें धरून चालतो आणि चितेभोंवतीं पाण्याचें मडकें खांद्यावर घेऊन फिरतो. हें मडकें कोणत्या घरानें द्यावयाचें हें पूर्वीं गांवांत पिढ्यान् पिढ्या ठरलेलें असे.

अमेरिकेच्या दक्षिण भागांत अंत्यविधीची सर्व व्यवस्था पाहणाऱ्या पेढ्या असतात, आणि त्यांपैकीं पुष्कळ बापाकडून मुलाकडे चालत आलेल्या आहेत. वर्णभेदाच्या काळांत तेथील कृष्णवर्णीय कुटुंबांनीं आपल्या समाजासाठीं अशा पेढ्या काढल्या, आणि त्यांतून कित्येकांस पैसा, प्रतिष्ठा व स्वातंत्र्य लाभलें.

आपल्याकडे पेढ्या नव्हत्या, पण घराणीं होतीं. कुंभारानें मडकें द्यावें, न्हाव्यानें क्षौर करावें, महारानें परगांवच्या सोयऱ्यांस मृत्यूची वार्ता पोंचवावी व सरणाचीं लांकडें वाहावीं, असा बलुत्याचा नेम होता. मोबदला म्हणजे सुगीच्या वेळचें धान्य. ब्राह्मणांतहि कोकणांत और्ध्वदेहिक विधि चालविणाऱ्यास किरवंत म्हणत, आणि त्याच्या घरीं मुलगी देण्यास इतर ब्राह्मण नाखूष असत. प्रेमानंद गज्वी यांनीं ‘किरवंत’ या नाटकांत हेंच दुःख मांडलें आहे. ज्याच्यावांचून आपल्या वडिलांस गति नाहीं असें मानावयाचें, त्यालाच दूर ठेवावयाचें, असा हा व्यवहार होता.

दोहोंतील भेद येथेंच आहे. पेढीवाला आपल्या कामाचा दर ठरवितो, आणि नको वाटल्यास धंदा सोडतो. वतनदारास मात्र भर पावसांत, मध्यरात्रींहि, निरोप घेऊन निघावेंच लागे. त्याचा मुलगाहि त्याच वाटेनें जाई.

तेरहून फारसें दूर नसलेलें कसबे तडवळें याच कारणानें पाहण्यासारखें आहे. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजीं तेथें महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. भीमराव आंबेडकर तीस उपस्थित होते. वतन हें भूषण नसून बेडी आहे, हा विचार ते पुष्कळ आधींपासून मांडीत आले होते. मुंबई कायदेकौन्सिलांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक त्यांनीं १९२८ सालींच आणलें होतें. जुन्या मुंबई इलाख्याच्या मुलुखांत हीं कनिष्ठ वतनें रद्द करणारा कायदा पुढें १९५८ सालीं झाला.

याच जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा भागांत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. मृतांची संख्या एवढी मोठी होती कीं कोणा एका घराण्याच्या हातून तें काम होणें शक्यच नव्हतें. जवान आणि दूरदूरचे स्वयंसेवक यांनीं ढिगारे उपसले व सामुदायिक चिता पेटविल्या. मृताची शेवटची सेवा ही कोणाच्या जन्माला चिकटलेली नसून जो जवळ असेल त्याचें तें कर्तव्य आहे, हें त्या दिवसांनीं दाखविलें. आपल्या घरांतील मोठ्यांनीं मुलांस तेर-तडवळ्याची ही वाट दाखवावी, आणि आपल्या आजोबा-पणजोबांचीं सरणें कोणीं रचलीं हेंहि सांगावें.