दुपार कोर्दोबाची, रात्र सेव्हिलची

सहलीला निघालं, की आपल्यातल्या बहुतेकींच्या डोक्यात एक घड्याळ टिकटिकायला लागतं. मुलं कुठं जेवतील, 'यांना' वेळेवर चहा मिळेल ना, डब्यात काय न्यायचं! दक्षिण स्पेनला, म्हणजे आंदालुसियाला गेलात, तर हे घड्याळ पर्समध्ये टाकून द्या. तिथं दुपारी दोनच्या आधी धड जेवण मिळत नाही, आणि रात्री नऊच्या आधी जेवायला बसलेली मंडळी बहुधा आपल्यासारखी पाहुणीच असतात.

मुक्काम सेव्हिलला ठेवा आणि सकाळच्या गाडीनं कोर्दोबाला जा. भरधाव गाडीनं जेमतेम पाऊण तासाचा रस्ता. बरोबरचं कुणीतरी म्हणेलच, "आलोच आहोत तर ग्रॅनाडाही उरकून टाकू!" मुळीच ऐकू नका.

कोर्दोबात आधी मशीद. ७८५ च्या सुमारास तिचं बांधकाम सुरू झालं. आत पाऊल टाकलं, की मंद उजेडात खांबच खांब, साडेआठशेहून जास्त! वर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी. चालता चालता एकदम मधोमध उंचच उंच चर्च समोर येतं. सोळाव्या शतकात मशिदीचा मधला भाग पाडून ते उभारलं. मला विचाराल, तर आहे देखणं, पण तिथं नको होतं.

मग गल्ल्यांतून हिंडा. इथल्या घरांचे चौक म्हणजे पाहतच राहावं असे! पांढऱ्याशुभ्र भिंती, त्यांवर वरपर्यंत टांगलेल्या जिरेनियमच्या कुंड्या. उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालायला लांब काठीच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधतात. आपल्या गॅलरीसाठी ही युक्ती उचलायला हरकत नाही, बरं का. मे महिन्यात चौकांची स्पर्धा असते, तेव्हा लोक आपली दारं सगळ्यांना उघडी ठेवतात. युनेस्कोनं २०१२ साली या उत्सवाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. एरवी जाल, तर व्हियाना वाड्यातले बारा चौक पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका. पारा चाळिशी ओलांडतो.

आता जेवण. 'साल्मोरेखो' म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वाटून केलेलं गार, दाट सार. वर उकडलेलं अंडं आणि डुकराच्या मांसाचे तुकडे पेरतात, म्हणून शाकाहारी असाल तर आधीच "सिन हामोन" म्हणा. आणि वांग्याचे तळलेले काप सोडू नका. त्यांवर चक्क काकवी घालतात! ऐकून नाक मुरडाल, पण एकदा खाऊन बघा.

जेवणानंतर दुकानं बंद, गल्ल्या सामसूम. मशिदीच्या अंगणात संत्र्याची झाडं आहेत, त्यांच्या सावलीत खुशाल टेका. ही संत्री कडू, खायची नव्हेत. पण नाव ऐका : 'नारांखा'. आपलं संस्कृत 'नारंग' इराण-अरबस्तानातून फिरत इथं येऊन रुजलं.

संध्याकाळी सेव्हिलला परत. हिराल्दा मनोरा दिव्यांत छान दिसतो. चढायचा असेल तर दुसऱ्या दिवशी. गुडघे दुखत असले तरी भिऊ नका, घोड्यावरून वर जाता यावं म्हणून आत पायऱ्यांऐवजी ३५ चढणी केल्या आहेत. आता नदीवरचा पूल ओलांडून त्रियानात चला. एका ठिकाणी पोट भरायचं नाही, एक छोटी बशी इथं, एक पुढच्या दुकानात. जिरं घातलेली पालक-छोल्यांची भाजी तर थेट माहेरची आठवण करून देते. रात्रीचे दहा वाजले तरी हातात पंखा घेतलेल्या आज्या, नातवंडं, सुना, सगळी मंडळी रस्त्यावर असतात. कुणाला घाई नाही.

तेवढ्यात 'यांनी' विचारलंच, "उद्या सकाळी नाश्त्याला काय?", तर सांगा, चुर्रोस. कुरकुरीत तळलेले, घट्ट गरम चॉकलेटात बुडवून खायचे. आणि ते कोपऱ्यावर विकत मिळतात.