तेलांत पाणी

हंसाच्या नीरक्षीरविवेकाचा दाखला आम्ही शाळेंत तीस-पस्तीस वर्षें देत आलों. परंतु मिसळलेलें पाणी वेगळें काढण्याचा प्रसंग, गवळ्याशीं होणारे खटके सोडले तर, आमच्यावर कधीं आला नव्हता. साठी उलटल्यावर तो आला, आणि तोहि पुतण्याच्या बोटींतून. तेथें तेल व पाणी मिळून दूध झालें होतें.

आमचा पुतण्या देवबागेस कर्लीच्या खाडींत पाहुण्यांस फिरविण्यासाठीं एक बोट चालवितो. बोट मुंबईहून जुनीच घेतलेली, कर्ज काढून. तिला जें यंत्र आहे त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. गांवांतल्या बहुतेक बोटींना मागच्या फळीवर टांगलेलें इंजिन असतें. हिचें इंजिन मोटारीच्या इंजिनासारखें आंत, मागच्या फळीला लागून बसविलेलें, आणि फळीबाहेर फक्त एक पाय पाण्यांत सोडलेला. या पायाच्या टोकाशीं पंखा. पाय उजवीडावीकडे वळतो म्हणून निराळें सुकाणू लागत नाहीं, आणि उथळ पाण्यांत तो वर उचलतां येतो. ही युक्ति जिम विन या अमेरिकन इंजिनिअराची; स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीनें ती १९५९ साली ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नांवानें बाजारांत आणली.

आतां या पायाची रचना ध्यानांत घेतल्यावांचून पुढचें कांहीं समजणार नाहीं. इंजिनाचें फिरणें आडवें बाहेर येतें, तेथून काटकोनांत वळून खालीं उतरतें, आणि तळाशीं पुन्हां काटकोनांत वळून पंख्याला मिळतें. हीं दोन्ही वळणें दांतेरी चाकांच्या जोड्यांनीं साधतात. चाकें एका बंद पेटींत तेलांत बुडालेलीं, आणि ती पेटी स्वतः खाऱ्या पाण्यांत बुडालेली! आंत तेल, बाहेर समुद्र, आणि फिरता दांडा जेथून बाहेर पडतो तेथें दोहोंच्या मध्यें रबराची एक पातळ कड. या कडेच्या कड्याला सील म्हणतात. मुठींत सहज मावेल एवढी वस्तु. पण सारी भिस्त तिच्यावर.

दिवाळीनंतर पुतण्यानें पेटींतलें तेल पाहिलें तों तें दुधाळ, पुष्कळ दूध घातलेल्या कॉफीसारखें. त्यानें तेल बदललें. पंधरा दिवसांनीं पुन्हां तेंच. पुन्हां बदललें. तिसऱ्या वेळीं नाताळचा आठवडा तोंडावर आला होता आणि त्या आठवड्याचे पाहुणे आगाऊ पैसे भरून बसले होते.

“काका, तेल बदलूं आणि सोडूं,” तो म्हणाला. “हा आठवडा गेला कीं सावकाश बघूं.”

हिशेबाची वही सूनबाईंकडे असते. त्या कांहीं बोलल्या नाहींत. बँकेच्या हप्त्याची तारीख असलेलें पान तेवढें उघडून त्यांनीं आमच्यापुढें ठेवलें. दोघांचेंहि खोटें नव्हतें. हंगाम पाऊस लागेपर्यंतचा, आणि त्यांतहि खरी कमाई असल्याच चार-दोन आठवड्यांची.

मिस्त्रीला बोलावलें. मिस्त्री गाबित समाजांतले वयस्क गृहस्थ. त्यांचा धाकटा मुलगा आमच्याच वर्गांत होता. त्यांनीं खालचा स्क्रू किंचित् सैल केला, बोटावर तेल घेतलें, अंगठ्यानें चोळलें आणि म्हणाले, “गुरुजींनू, त्याल बदलून काय्येक होवचा नाय. पाणी खयसून येता तां बघूक व्हया.”

आम्हीं विचारलें, आठवडाभर चालविली तर काय होईल? त्यांनीं खाडीच्या मुखाकडे बोट दाखविलें. पाणी मिसळलेलें तेल चाकांच्या दांत्यांवर नीट पसरत नाहीं. खाऱ्या पाण्यानें बेअरिंगला गंज चढतो, दांते झिजतात, आणि एक दिवस इंजिन गरजत राहतें पण पंखा फिरत नाहीं. तो दिवस कोणता हें आधीं कळत नाहीं. कर्ली जेथें समुद्रास मिळते तेथें ओहोटीची ओढ ज्यांनीं पाहिली आहे त्यांस अधिक सांगावयास नको. बोटींत लोकांचीं मुलें असतात. आम्हीं त्याच दुपारीं घरांतला वडील म्हणून शब्द टाकला, कीं गळती सांपडेतों बोट पाण्यांत जाणार नाहीं, आणि हप्त्याची रक्कम आमच्या निवृत्तिवेतनांतून जाईल. पुतण्या दोन दिवस आमच्याशीं मोजकेंच बोलला.

पुढचें काम मात्र पाहण्यासारखें झालें. पाणी आंत येतें त्याअर्थीं वाट आहे, हें अनुमान धुरावरून अग्नि ओळखण्याच्याच जातीचें; परंतु पर्वतावर अग्नि आहे एवढ्यानें येथें भागत नाहीं, तो कोणत्या झुडुपाशीं आहे तें हवें. मिस्त्रींनीं आख्खा पायच बोटीपासून सोडवून लाकडी घोडीवर उभा केला. तेल काढलें. खालच्या स्क्रूला लोहचुंबक असतो. त्यावर काळसर बारीक लेप होता, धातूचे तुकडे नव्हते. “अजून बचावला हा,” ते म्हणाले. मग वरच्या छिद्रांत हातपंप व दाबाचें घड्याळ बसवून हवा भरली. प्रथम चारच पौंड. आम्हांला वाटलें, भरपूर भरावी म्हणजे निकाल लवकर लागेल. पण दाब फार झाला तर रबराची कड दांड्यावर घट्ट आवळते आणि बारीक गळती लपून राहते. चार पौंडांवर कांटा स्थिर, मग पंधरांवरहि स्थिर. पुतण्याचा चेहरा उजळला. तेवढ्यांत मिस्त्रींनीं पंख्याचा दांडा हातानें फिरविण्यास प्रारंभ केला आणि कांटा हळूहळू उतरूं लागला. साबणाचें पाणी ओतलें, तर पंख्याच्या मुळाशीं बुडबुडे!

पंखा काढला. त्याच्या मागें दांड्याभोंवतीं तंगुसाचे वेढेच्या वेढे बसलेले. कोणाच्या तरी गळाचा तुटलेला दोरा. तोच सीलची कड कापीत होता. मिस्त्रींनीं नख दांड्यावरून फिरवून पाहिलें. जुन्या कडेनें तेथें पुसटशी खांच पाडली होती. म्हणून नवें सील त्यांनीं केंसभर अलीकडे बसविलें, म्हणजे कड कोऱ्या धातूवर यावी. तेथें दोन सीलें पाठीला पाठ लावून असतात, एक तेल आंत ठेवावयास व दुसरें पाणी बाहेर; दोन्ही बदललीं.

येथें आम्ही उठणार होतों. पण मिस्त्रींनीं पंप उलटा लावला आणि पेटींतली हवा बाहेर ओढली. पंधरा पौंड निमूटपणें सोसणारी ती पेटी हें उलटें ओढणें सोसेना. कांटा परत येऊं लागला. कारण विचारतां त्यांनीं जें सांगितलें तें आम्हांस फार आवडलें. सीलची कड एका अंगानें दाबली तर घट्ट बसते, दुसऱ्या अंगानें दाबली तर उघडते. शिवाय दिवसभर चालून पाय तापतो, आंतली हवा फुगते; संध्याकाळीं बोट नांगरली कीं थंड पाण्यांत ती आकसते आणि बाहेरचें पाणी चोखून घेते. म्हणजे पाणी शिरण्याची वेळ चालतांनाचीच असते असें नाहीं, विश्रांतीचीहि असते. ही दुसरी चोरवाट शोधण्याची रीत शुद्ध अन्वयव्यतिरेकाची होती: ज्या ज्या जागेचा संशय तेथें दाट तेल माखावयाचें, आणि कांटा थांबतो का पाहावयाचें. स्क्रूंपाशीं माखलें, थांबला नाहीं. वरच्या व खालच्या भागांच्या सांध्यावर माखलें, थांबला नाहीं. गिअर बदलण्याची उभी दांडी जेथें पेटींत शिरते तेथें माखलें, आणि कांटा जागच्या जागीं उभा राहिला. तर्काचे पाठ देतांना असा चोख दृष्टान्त आमच्या हातीं असता तर मागच्या बांकावरचीं मुलेंहि जागीं राहिलीं असतीं.

त्या दांडीचें सील मुंबईहून यावयास चार दिवस लागले. नाताळ गेला. पुतण्यानें एकेकास दूरध्वनि करून आगाऊ पैसे परत केले. कांहींनीं समजून घेतलें, एका गृहस्थानें बरेंच सुनावलें. सूनबाईंनीं वहींत त्या पानावर आडवी रेघ ओढली.

नवें तेल भरण्याची तऱ्हाहि सांगण्यासारखी आहे. तें वरून ओतीत नाहींत, खालच्या छिद्रांतून पंपानें वर चढवितात. वरच्या छिद्रांतून हवेचा एकहि बुडबुडा न येतां तेल वाहूं लागलें कीं आधीं वरचा स्क्रू बंद करावयाचा, मग खालचा. स्क्रूखालचे वॉशर दर खेपेस नवे घालावयाचे. दोन पैशांची वस्तु म्हणून जुनेच पुन्हां वापरणारे लोक तेलांत पाणी आल्यावर कंपनीला शिव्या देतात, असें मिस्त्री म्हणाले, आणि जुने वॉशर आमच्यादेखत माडाखालीं भिरकावून दिले.

तीस डिसेंबरला बोट पाण्यांत उतरली. दोन दिवस रिकामीच फिरविली. तिसऱ्या दिवशीं सकाळीं, रात्रभर स्थिर राहून पाणी असेल तर तें जड म्हणून तळाशीं बसलेलें असणार अशा वेळीं, बोट कांठावर ओढून खालचा स्क्रू किंचित् सैल केला. सूनबाईंनीं पांढरी बशी खालीं धरली. पहिला थेंब पडला तो मधासारखा पारदर्शक; दुसरा व तिसराहि तसाच. पुतण्यानें बशी उन्हाकडे नेऊन तिरपी करून पाहिली, स्क्रू आवळला, आणि दहा वाजतां यावयाच्या पाहुण्यांसाठीं जीवरक्षक जाकिटें मोजावयास गेला.