ओट्सच्या वड्या पडतात कशा

इथे इंग्लंडात पाककृती लिहिणाऱ्यांची एक खोड मला अजून सोसत नाही. घरच्या ग्रॅनोला बारची कृती शेवटाला आली की सगळ्यांचं वाक्य ठरलेलं: मिश्रण ट्रेमध्ये घट्ट दाबा, गार झालं की काप करा. घट्ट म्हणजे किती, कशाने, मिश्रण किती गरम असताना, आणि दाबलेलं ते दबूनच का राहावं, याबद्दल अवाक्षर नाही. फोटोत काटकोनात कापलेल्या, सुतळीने बांधलेल्या वड्या. प्रत्यक्षात सुरी लावली की मधोमध भेग जाते आणि ताटात उरतो भुगा. भुगाही वाईट नसतो, दुधात घालून खाता येतो. पण तो डब्यात देता येत नाही, आणि मला हव्यात त्या डब्यातल्या वड्या.

डब्याचं असं की, मुलांच्या शाळेचं पत्रक दर सप्टेंबरात येतं. शेंगदाणे नकोत, काजू-बदाम नकोत, आणि अलीकडे तीळही नकोत. म्हणजे चिक्की गेली, दाण्याचा लाडू गेला, तिळाची वडी गेली, डिंकाचा लाडू बदामापायी गेला. आजीपणजीने प्रवासाला बांधून दिलेलं जे जे म्हणून होतं ते एका कागदावर बाद. यावर मी पुष्कळ कुरकुर केली आहे, या सदरातही. पण मी राहते त्या स्लावहून हीथ्रो विमानतळ हाकेच्या अंतरावर. २०१६ च्या जुलैत त्या विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावात तीळ होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. ते खाऊन नताशा एडनन-लापेरूस ही पंधरा वर्षांची मुलगी विमानात कोसळली, ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी विषय लावून धरला, म्हणून १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानात आधीच बांधून ठेवलेल्या खाण्यावर सगळे घटक छापावे लागतात. हे कळल्यावर तिळावरून भांडायला तोंड राहत नाही. तरी संक्रांतीचा तिळगूळ घरातल्या घरात वाटायचा हे मला पटलेलं नाही, तेही सांगून टाकते. गंमत अशी, की जे चौदा घटक ठळक अक्षरांत छापायचे त्यांत ग्लुटेनवाली धान्यं आहेत आणि त्या धान्यांत ओट्सही आहेत. शाळेने ओट्सकडे काणाडोळा केलाय तोवर आपलं चाललंय.

दाणे गेले की वडी बांधायची सोपी युक्तीही जाते. इथल्या निम्म्या कृतींत ते काम पीनट बटर करतं.

तशी मी राहते ती जागा बारचीच. फॉरेस्ट मार्स या अमेरिकन माणसाने १९३२ साली स्लावमध्ये भाड्याच्या जागेत मार्स बार करायला घेतला. हॉर्लिक्सचा लाल विटांचा कारखानाही इथला, त्याचे आता फ्लॅट झालेत. पण इंग्रजांच्या घरात होणारा बार म्हणजे फ्लॅपजॅक. २५० ग्रॅम ओट्स, १२५ ग्रॅम लोणी, १२५ ग्रॅम ब्राउन शुगर, दोन-तीन मोठे चमचे गोल्डन सिरप, संपलं. आणि तो मोडत नाही. उलट २०१३ साली एसेक्समधल्या कॅनव्ही आयलंडच्या एका शाळेत फेकलेला त्रिकोणी फ्लॅपजॅक एका मुलाच्या तोंडाला लागला, तेव्हा शाळेने फतवा काढला की यापुढे चौकोनीच कापायचे. त्रिकोणाला तीन कोपरे, चौकोनाला चार, हे कोणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. सरकारचाही या पदार्थावर विशेष लोभ आहे. फ्लॅपजॅक हा केक धरला जातो, म्हणून त्यावर व्हॅट शून्य. तेच ओट्स सिरियल बार म्हणून विकले की ती मिठाई होते आणि वीस टक्के पडतात.

फ्लॅपजॅक टिकतो त्यात मोठा वाटा गोल्डन सिरपचा. एब्रम लाइलच्या प्लेस्टोमधल्या रिफायनरीत, लंडनच्या पूर्वेला, १८८३ साली ते पहिल्यांदा निघालं. साखर शुद्ध करताना उरणाऱ्या काकवीवर प्रक्रिया करून केलेलं. त्यातल्या साखरेचा बराच भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेला असतो, त्यामुळे त्याची पुन्हा साखर होत नाही. गार झालं तरी चिवट राहतं, रवाळ होत नाही. हिरव्या-सोनेरी डब्यावर बायबलमधल्या सॅमसनच्या गोष्टीतला मेलेला सिंह आणि भोवती मधमाश्या. खाण्याच्या डब्यावर मढं छापून शंभर-सव्वाशे वर्षं माल खपवायला छाती लागते.

पण रोजच्या डब्यात एवढं लोणी आणि एवढी साखर नको. ती कमी करत गेलं की कुठल्यातरी टप्प्यावर वडी सुटते. तो टप्पा समजून घ्यायला मला पेणकडच्या जोह्याचा, आमच्या काकांचा गणपतीचा कारखाना उपयोगी पडला. जोह्याचं पुराण मी पुन्हा लावणार हे जुन्या वाचकांनी ओळखलंच असेल. त्यांनी हवं तर पाकावर उडी मारावी.

जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत, पेण तालुक्यातली ही गावं गणपतीवर जगतात. ओटीवर, माडीवर, जिन्याखाली, जिथे हात फिरवायला जागा आहे तिथे मूर्ती. आमच्या काकांचं मातीचं काम बघत मी वाढले. शाडू मळताना ते पाणी मोजत नसत. गोळा अंगठ्याने दाबायचा. माती अंगठ्याबरोबर वर आली तर पाणी जास्त, कडेला चिरा पडल्या तर कमी. साच्यात भरताना पहिला थर पातळ, अंगठ्याने, मधून कडेकडे रेटत नेलेला, कान आणि सोंडेचं वळण आधी. मग त्यावर जाड थर. नवखा पोरगा एकदम मोठा गोळा घेऊन तळहाताने थापतो. वरून गुळगुळीत दिसतं आणि आत सोंडेच्या वळणात पोकळी राहते. वाळताना भेग नेमकी तिथे जाते. साचा प्लास्टरचा असेल तर तो मातीतलं पाणी पितो, माती किंचित आक्रसते आणि आपण होऊन कडा सोडते. तोवर थांबायचं. मूर्ती सुकवायची ती सावलीत, कारण उन्हात वरची कातडी आधी वाळून आखडते, आतला ओलावा तसाच, आणि मूर्ती तडकते.

ट्रेमध्ये वेगळं काही घडत नाही. मधोमध चमच्याने थोपटलेलं मिश्रण वरून सपाट दिसतं, कोपऱ्यात हवा असते. गरम ट्रे फ्रीजमध्ये सरकवला की वरचा पाक आधी आवळतो, आतला अजून मऊ असतो, आणि सुरी लावली की थर सुटतात.

पीओपीचं गणित निराळं. त्यात पाणी घातलं की ते नुसतं ओलं होत नाही, पाणी त्याच्या स्फटिकांतच अडकतं, अंगचं ऊन होतं आणि बघता बघता घट्ट बसतं. काथ्या बुडवून आतून लावला की पोकळ मूर्तीही उचलून नेता येते. वजनाला हलकी, ट्रकात कमी फुटते, रंग चांगला घेते. कंटेनरमधून लंडनला येणाऱ्या मूर्तीला हे गुण लागतात. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपी नको म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून गावात दुसरा विषय नव्हता. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. माझा चुलतभाऊ म्हणतो, शाडूची मूर्ती करायला वेळ जास्त, सुकवायला जागा जास्त, फुटली तर नुकसान आमचं, आणि गिऱ्हाईक पैसे मात्र तेवढेच देणार. त्याचं चुकीचं नाही. हजारो हातांना त्यावर काम आहे, आणि स्लावमध्ये बसून त्याला शहाणपण शिकवायला मला काही खर्च येत नाही, हे मला कळतं. पण शाडूला नुसत्या पाण्याने धरलेलं असतं आणि पाण्यात गेल्यावर ती सोडते. दीड दिवस, पाच दिवस, अनंत चतुर्दशी, जेवढं धरायचं तेवढं धरते. जे पाण्यात सोडत नाही ते मला तरी अर्धवट काम वाटतं. दुकानातले काही बार असे असतात की हातात मोडत नाहीत आणि तोंडातही मोडत नाहीत, दाढेतून काढायला काडी लागते. मोडत नाही म्हणून तो चांगला, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आता पाक. मध किंवा गूळ नुसता कोमट करून ओट्सवर ओतायचा, असं बऱ्याच कृतींत असतं, आणि वडी फसते ती इथेच. मधात सतरा-अठरा टक्के पाणी असतं. ते आटवलं नाही तर ओट्स ते पितात, स्वतः मऊ पडतात आणि वर चिकटपणा उरत नाही. म्हणून उकळी हवीच. फार्नम रोडवरच्या आपल्या दुकानांत चिक्कीचा गूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर कोल्हापुरी. १५० ग्रॅम गूळ, दोन मोठे चमचे गोल्डन सिरप, ५० ग्रॅम तूप आणि चमचाभर पाणी, जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर. सिरप वगळू नका, त्याने पाक रवाळ होत नाही. आधी मोठे पांढरट बुडबुडे येतात, भसाभस वर चढतात. मग ते लहान होतात, रंग गडद होतो आणि आवाज जाड होतो. तेव्हा बाजूला ठेवलेल्या गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा. पसरला तर थांबा. तळाला बसला आणि बोटांत घेऊन त्याची गोळी वळली, दाबली की चपटी झाली, की गॅस बंद. थर्मामीटर असेल तर ११५ ते ११८ अंश. आणखी पुढे, दीडशेच्या आसपास गेलात की थेंब पाण्यात कडक होऊन कट्कन मोडतो. तो चिक्कीचा पाक, त्याची वडी कापता येत नाही, फोडावी लागते.

ओट्स २०० ग्रॅम, बिया १०० ग्रॅम, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या. ओट्स कोरडेच भाजून घ्यायचे, खमंग वास येईपर्यंत, आणि पाव भाग मिक्सरमधून पीठ करून परत मिसळायचा. मोठ्या पाकळ्यांमध्ये ज्या फटी राहतात त्या हे पीठ बुजवतं, पाक फटींत वाहून न जाता पाकळ्यांना लागतो. एवढी एक गोष्ट केली तरी निम्मं काम होतं. मी वर पेणच्या पातळ पोह्यांची भाजलेली मूठ टाकते. ओट्स वाफवून लाटलेले, पोहे भिजवून भाजून चेपलेले, दोघांचं जमतं, आणि वडीला कुरकुर येते. मीठ विसरू नका.

पाक ओतल्यावर हात झपाट्याने चालला पाहिजे. बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये आधी चारी कोपरे भरा, मग कडा, शेवटी मध्य. वरून दुसरा बटर पेपर आणि सपाट बुडाच्या वाटीने अंगचं वजन टाकून दाबा, जाडी दीड-दोन सेंटिमीटर राहील इतकं. १५० अंशांवर पंधरा मिनिटं ओव्हन. बाहेर काढल्यावर पुन्हा एकदा वाटी फिरवा, कारण ओव्हनमध्ये मिश्रण किंचित फुगतं. कोमट असताना सुरीने नुसत्या रेघा मारा, आणि पुरतं गार होईपर्यंत ट्रेला हात लावू नका. फ्रीज नाही, खिडकीबाहेरची थंड हवा नाही, ओट्यावर.

ठेवायच्या त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून. गूळ हवेतला दमटपणा ओढतो. जोह्यात जुलैमध्ये चिक्की दोन दिवसांत सादळते. इथे हिवाळ्यात रेडिएटरमुळे घर कोरडं असतं, वड्या आठवडाभर टिकतात. वसंतात हीटिंग बंद झालं की चार दिवसच.

हे सगळं काकीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती रंगाचा ब्रश धुता धुता ऐकत होती. म्हणाली, "एवढा खटाटोप कशाला गो, राजगिऱ्याच्या लाह्यांची वडी कर की." बोलणं रास्त आहे. लाह्या बारीक असल्यामुळे फटींचा प्रश्न नाही, पाक जरा पक्का ठेवायचा, ओव्हन पेटवायला नको, आणि शाळेच्या पत्रकात राजगिऱ्याचं नाव अजून आलेलं नाही.