खडूचा डबा

शाळेच्या फाटकावर तंबाखूबंदीची पाटी आहे. परवा नागरिकशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावरच्या पोराने विचारले, "सर, ये कानून किसने बनाया?" पुस्तकी उत्तर सोपे होते : संसदेने, 2003 साली. पण आम्ही त्याला मुरली देवरांची हकीकत सांगत बसलो.

देवरा मुंबईच्या महापालिकेतून वर आलेले. 1968 पासून दहा वर्षे नगरसेवक, 1977-78 मध्ये महापौर. पुढे 1981 ते 2003, तब्बल 22 वर्षे मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष. दक्षिण मुंबईने त्यांना चार वेळा लोकसभेत पाठवले. 2006 पासून पाच वर्षे ते पेट्रोलियम मंत्रीही होते. बड्या उद्योगपतींशी त्यांची ऊठबस होती, त्यामुळे आमच्यासारख्या गल्लीतल्यांना हा माणूस जरा लांबचाच वाटे. 2014 मध्ये ते गेले.

पण सार्वजनिक जागी धूम्रपान नको, म्हणून 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला तो त्यांनीच. 2 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने दवाखाने, शाळा, वाचनालये, कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी बंदीचा हुकूम दिला. जो ओढत नाही त्याने दुसऱ्याच्या धुराने का मरावे, हा सवाल कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडला गेला. गंमत अशी की त्या दिवशी देवरा संसदेच्या कोणत्याच सभागृहात नव्हते. 1999 ची निवडणूक ते जयवंतीबेन मेहतांकडून हरले होते. राज्यसभा मिळाली ती 2002 मध्ये. इतकी वर्षे सत्तेत काढलेल्या माणसाचे आम्हांला भावलेले काम हे असे, खुर्ची नसतानाचे.

त्या साली आम्ही चौथीत होतो. आमचे एक उस्ताद वर्गातच सिगारेट ओढत आणि राख झेलायला मॉनिटरने खडूचा रिकामा डबा धरायचा. मॉनिटर आम्हीच. निकालानंतर काही महिन्यांनी उस्ताद एवढेच म्हणाले, "डब्बा रख दे, बेटा." त्यानंतर ते बाहेर जाऊन ओढू लागले.

घरात मात्र कोर्ट पोहोचले नाही. अब्बा लूमवरून आले की एका खोलीत विडी पेटायची आणि दार लावलेले असायचे. अब्बा जाऊन आता नऊ वर्षे झाली. अम्मीने आयुष्यात विडीला हात लावला नाही, तरी पंप तिच्या उशाशी असतो.

हे सगळे वर्गात सांगितले नाही. तास संपला तसा तो पोरगा टेबलाजवळ आला. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, हे त्याने पाटीवर वाचले होते.

"सर, अब्बू की टपरी कितने यार्ड पे है?"

क्रीडासामानाच्या कपाटात टेप आहे. आम्ही अजून तो बाहेर काढलेला नाही.